घडीच्या चाकूची ट्रायल

“अंगावर चढवून बघितल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर गेला, तर तो कपडा नव्हे, अफवा!”

हा आवाज टेलरमास्तरांच्या उस्तादांचा. मास्तर तेव्हा पोरसवदा होते, काजं करायला शिकत होते. उस्ताद तोंडात टाचण्या धरून बोलत, त्यामुळे त्यांचा शब्द टोचल्याशिवाय बाहेर पडतच नसे. उस्ताद गेले, त्यांचं दुकान गेलं, टाचण्यासुद्धा गंजून गेल्या. आवाज मात्र मास्तरांच्या कानात कोऱ्या दोऱ्यासारखा ताठ राहिला. मास्तर उशीचा अभ्रा शिवायचा असला तरी उशी मागवून घेत. एका गिऱ्हाइकाला त्यांनी छत्रीची खोळ बसते का बघायला छत्रीसकट बोलावलं, आणि पुढच्या खेपेला छत्री ओली करून आणायला सांगितलं.

कापडाशी मास्तर भरभरून बोलत. “ये बाई, सरळ ये,” असं रेशमाला म्हणत, “का रुसलास?” असं चुरगळलेल्या सुताला विचारत. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र त्यांचा दोरा सुईत जाता जाईना.

त्यांची लेक बारकी. जन्मली तेव्हा टेपच्या एका घडीत मावली म्हणून बारकी. आता दुकानाच्या दारातून वाकून आत येई. ही बारकी सैन्यात भरती झाली. बातमी आली त्या दिवशी आई आधी रडली, मग भांडली, मग शेजारच्या चार घरांत सांगून आली आणि मोकळी झाली. मास्तरांनी “हं” म्हटलं आणि हातातली कॉलर उलटवली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं “कात्री दे”, “दिवा लाव”, “इस्त्री तापली का बघ” याच्या पलीकडे गेलं नव्हतं. जा म्हणत नव्हते, नको जाऊ म्हणत नव्हते. बारकी रोज समोर बसून अस्तरं शिवत होती आणि वाट बघत होती.

आणि आता उद्या सकाळची गाडी.

“अहो, पोरगी चालली,” आई म्हणाली. “एक शब्द बोलाल का तिच्याशी?”

“बोलतो.”

“कधी?”

“बघतो.”

“बघून झालं की पुष्कळ! डोळ्यांचं काम जरा तोंडाला द्या.”

मास्तर तिथून उठले आणि मामांकडे गेले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, सैन्यातून निवृत्त झालेले. तिथं ते धोबीखान्यात होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी मुद्दाम काढत नसे.

“भाऊजी, बोलायचं कशाला?” मामा म्हणाले. “काहीतरी द्या. देण्यात सगळं येतं. जवानाच्या खिशात घडीचा चाकू हवाच. सगळी हत्यारं एकात. आमच्या वेळी ज्याच्याकडे तो असायचा, त्याला साहेबसुद्धा नावानं हाक मारायचे.”

“तुमच्याकडे होता?”

“माझ्याकडे इस्त्री होती.”

मास्तरांना कल्पना फार आवडली. तोंडाला जमत नाही ते खिशातल्या वस्तूनं परस्पर सांगून टाकावं, यासारखं सुख नाही. दोघे त्याच दुपारी हत्यारांच्या दुकानात गेले.

दुकानदारानं काचेवर तीन चाकू मांडले. “हा साधा. हा मधला. आणि हा घेतलात ना साहेब, तर घरात दुसरं काही नसलं तरी चालेल.”

“घरात सगळं आहे,” मास्तर म्हणाले. “पोरगी चाललीय.”

दुकानदारानं मोठ्या चाकूची एकेक घडी उलगडायला सुरुवात केली. “ही सुरी. ही कात्री. ही करवत. हा पेचकस. ही कानस. हा डबा फोडायचा दात.” मास्तरांनी कात्री कानाशी नेऊन तिची कचकच ऐकली, आवाजात खोट सापडली नाही, तेव्हा मान हलवली. मग त्यांचं बोट पाठीमागच्या एका वाकड्या पात्यावर थांबलं.

“आणि हा आकडा?”

“तो असतोच.”

“असतोच म्हणजे?”

“सगळ्यांनाच असतो.”

“पण कशासाठी?”

“साहेब, केस पिकले माझे हे विकण्यात. अजून कुणी विचारलं नव्हतं.”

“माझ्या कोटात एक टाका दाखवा, जो नुसता असतोच म्हणून घातलाय!”

मामा मदतीला आले. “घोड्याच्या खुरात खडा अडकला की काढायला.”

“बारकीला घोडा देणार आहेत?”

“मागितला तर नाही का म्हणतील?”

“काही लोक बुटाची नाडी ओढतात म्हणे त्यानं,” दुकानदार चाचरत म्हणाला. मास्तरांना ना घोडा पटला ना नाडी. पण चाकू हातात असा बसला होता, जसा नीट कापलेला खांदा अंगावर बसतो. घ्यायचं ठरलं.

“इथं जरा ट्रायल घेतो,” मास्तर म्हणाले.

“कशावर?”

मास्तरांनी काउंटरच्या लाकडी कडेकडे मायेनं पाहिलं. दुकानदारानं झटकन चाकू मिटला आणि कागदात गुंडाळून हातात दिला.

मास्तर आपल्या दुकानात परत आले तर बारकी मशीनवर बसलेली. वस्तू अवचित द्यायची होती, तेव्हा तिच्यासमोर पाती काढून बघणं शक्य नव्हतं. आणि बघितल्याशिवाय द्यायची, हे उस्तादांनी वरून पाहिलं असतं. उरली एकच जागा. दुकानाच्या मागच्या भिंतीत एक खोल कपाट होतं. पूर्वी त्यात कापडाचे तागे असत; मास्तरांनी फळ्या काढून आरसा लावला, आतून कडी बसवली आणि त्याची ट्रायल रूम केली. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. वर ते छताला भिडलेलं होतं, खाली मात्र मनगट जाईल एवढी फट.

“कुठं चाललात?” बारकीनं विचारलं.

“टेप शोधतो.”

टेप गळ्यात होती. बारकीनं ती पाहिली, आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला.

आत खुंटीला जादूगाराचा कोट टांगलेला होता. हा जादूगार म्हणजे त्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. त्याला कोटात इतके चोरखिसे हवे होते, की शिवता शिवता मास्तरांचा स्वतःचा हात एकदा आत हरवला होता. त्यांतला एक खिसा कबुतरासाठी होता. मास्तरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, “या खिशाची ट्रायल तुम्ही देऊन भागणार नाही. ज्याला बसायचंय त्यानं द्यावी.” म्हणून जादूगार दुपारी येऊन कबुतराला खिशात बसवून, कोट खुंटीला लावून, दाढी करायला गेला होता. तेव्हा मास्तर हत्यारांच्या दुकानात घोड्याबद्दल बोलत होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्यांनी कडी लावली आणि ट्रायल सुरू केली. सुरीनं दोरा धरला न धरला तोच तुटला. कात्रीनं चिंधी कापली. तिची कड अशी सुटली, जशी दुधावरची साय सुटते. करवत लाकडी हँगरच्या टोकावर फिरवली आणि टोक खाली पडलं. मास्तरांचा जीव हरखला. आता पेचकस. त्याला स्क्रू हवे. ट्रायल रूममध्ये स्क्रू होते फक्त कडीला.

काढून परत लावू, मास्तरांनी ठरवलं. एकेक स्क्रू फिरवत ते बाहेर काढू लागले, आणि आयुष्यभराच्या सवयीनं एकेक ओठांत धरू लागले. शिंप्याच्या हातून काहीही टोकदार सुटलं की ते थेट तोंडात जातं. तिथं टाचणी आणि स्क्रू असा भेद राहत नाही. शेवटचा स्क्रू तेवढा कडीत राहिला आणि बाकीचे मास्तरांच्या ओठांत दाटीवाटीनं उभे राहिले.

तेवढ्यात कोट म्हणाला, “घुटर्घूं.”

आपण शिवलेला कोट आपल्याशी बोलेल, हे स्वप्न मास्तरांनी तरुणपणी पाहिलं असेल. पण असं अंधाऱ्या कोपऱ्यात, पाठीमागून नव्हे. त्यांनी “आँ!” केलं आणि ओठांतले सगळे स्क्रू फुर्रकन उडून, फरशीवरून घरंगळत फटीतून बाहेर दुकानात गेले. त्याच धक्क्यात त्यांचा कोपर कडीला लागला. एका स्क्रूवर लटकलेली कडी तिरकी झाली आणि तिचा दांडा चौकटीच्या भोकात असा करकचून रुतला, की वरही जाईना, खालीही येईना.

दार बंद. मास्तर आत. स्क्रू बाहेर.

हाक मारली तर बारकी येणार, आली तर चाकू बघणार. मास्तर गुडघ्यांवर बसले, मग पालथे पडले. फटीतून पाहिलं तर सगळ्यात जवळचा स्क्रू हातभर अंतरावर चमकत होता. आणि त्या क्षणी मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आकडा! त्यांनी अत्यानंदानं आकडा उलगडला आणि फटीतून हात बाहेर सरकवला.

नेमका तेव्हाच जादूगार गुळगुळीत दाढी करून आला आणि “झाला का कोट?” म्हणत ट्रायल रूमच्या दाराशी उभा राहिला. त्याची नजर खाली गेली. दाराखालून काहीतरी चकाकतं, वाकडं, वळवळत त्याच्या बुटाकडे येत होतं. ते बुटाच्या नाडीत अडकलं आणि ओढू लागलं.

“साप!” जादूगार किंचाळला आणि इस्त्रीच्या टेबलावर चढला. चढताना त्यानं पाय झाडला. चाकू नाडीतून सुटून फरशीवर गरगरत गेला आणि थेट बारकीच्या पायाशी थांबला.

“साप नाही,” दाराखालून आवाज आला. “मी आहे.”

बारकी चाकू उचलून उठली. “बाबा? आत काय करताय?”

“टेप शोधतोय.”

“दार उघडा.”

“उघडत नाहीये.”

“माझा कोट आत आहे!” जादूगार टेबलावरून ओरडला. “माझं कबुतर आत आहे! शो आहे माझा आत्ता, पोरं जमली असतील!”

“मग उघडा की,” बारकी म्हणाली. “तुम्ही जादूगार ना? तुमच्या शोच्या पाटीवर लिहिलंय, कसलंही कुलूप उघडतो म्हणून.”

“ती कुलपं माझी असतात,” जादूगार पडेल आवाजात म्हणाला.

या गोंधळातच मामा आले. त्यांनी एका नजरेत परिस्थिती हेरली आणि बाह्या सरसावल्या. “सगळे मागे सरा. हे आमच्या अनुभवाचं काम आहे. आत किती माणसं?”

“एक,” मास्तर आतून म्हणाले.

“आणि एक पक्षी,” जादूगारानं भर घातली.

“पक्षी कुठं आहे?”

आत पंख फडफडले. “डोक्यावर,” मास्तर म्हणाले.

मामांनी फर्मान सोडलं, की आधी सामान बाहेर काढायचं, मग माणूस. “भाऊजी, कोट फटीतून सरकवा!” मास्तरांनी कोटाची बाही तेवढी बाहेर ढकलली. खांदा अडला. खांदा बसवायला मास्तरांनी जीव ओतला होता. तो दबणारा नव्हता. जादूगारानं टेबलावरून उडी मारून बाही धरली आणि ओढली.

“ओढू नका! शिवण जाईल!” मास्तर आतून खेचू लागले.

जादूगारानं पुन्हा ओढलं. बाहीतून एक लाल रुमाल बाहेर आला. त्याला पिवळा बांधलेला होता, पिवळ्याला हिरवा. जादूगार ओढत राहिला, रुमाल येत राहिले. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा. इस्त्रीच्या टेबलावरून मशीनवर, मशीनवरून मामांच्या खांद्यावर.

“अहो, थांबवा हे!” मामा रुमालांतून डोकं काढत म्हणाले.

“माझ्या हातात नाही आता,” जादूगार रडवेला झाला. “सुरू झालं की संपेपर्यंत थांबत नाही. मीच तसं बसवलंय.”

आवाज ऐकून आई मागच्या घरातून धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिचा भाऊ रुमालांत गुरफटलेला, परका माणूस तिच्या दुकानात बाही ओढतोय, आणि नवरा दाराखालून बोलतोय. “मी यांना पोरीशी एक शब्द बोला म्हटलं होतं,” ती म्हणाली. “एवढंच म्हटलं होतं.”

बारकी मात्र हातातल्या चाकूकडे बघत होती. तो नवा होता. एका पात्याला लाकडाचा भुसा लागला होता, दुसऱ्याला चिंधीचा तंतू. कुणी किती निगुतीनं तो तपासला, ते त्यावर सगळं दिसत होतं.

“दे तो आत,” मामा म्हणाले. “भाऊजी आतून कडी सोडवतील.”

“नको!” जादूगार ओरडला. “त्यांच्या हातात हत्यार नको!”

“बिजागऱ्या बाहेरून आहेत,” बारकी शांतपणे म्हणाली आणि पेचकसाचं पातं उलगडून दाराशी बसली. पहिला स्क्रू फिरू लागला. तिचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला. “बाबा, हा कुणासाठी आणला?”

“गिऱ्हाइकाचा आहे.”

“कुठल्या?”

“आहे एक. उंच आहे.”

बारकीनं दुसरा स्क्रू काढला आणि, कोणी बघत नाहीसं पाहून, ओठांत धरला.

“आकडा कशासाठी असतो, ते कळलं मला,” आतून आवाज आला.

“कशासाठी?”

“नाडी ओढायला.”

दार सुटलं. मामा आणि जादूगार यांनी ते पेलून बाजूला ठेवलं. आत मास्तर उभे होते. एका हातात कोट, केसांत पिसं, आणि डोक्यावर कबुतर, ज्याला खिशापेक्षा ही जागा जास्त पसंत पडली होती. जादूगारानं कबुतर उचललं, कोट चढवला, रुमाल वेटोळं करून काखेत मारले आणि दाराकडे पळाला. दारात मात्र तो थांबला, वळला, हात पसरून आरशात पाहिलं.

“खांदा काय बसलाय हो, मास्तर!” तो म्हणाला आणि गेला.

मामांनी घाम पुसला. “चला, झाली ट्रायल. आता ठेव पोरी तो खिशात, आणि उद्या दिमाखात जा.”

बारकीनं एकेक पातं मिटवलं. मग म्हणाली, “मामा, ट्रेनिंगला असलं काही न्यायला परवानगी नाही. गेटवरच काढून घेतात. घ्यायच्या आधीच सांगायला हवं होतं मी.”

“छे! आमच्या वेळी...”

“दादा, तुमच्या वेळी तुम्ही आत इस्त्री करत होतात,” आई म्हणाली. मामांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मास्तरांचा चेहरा उसवलेल्या शिवणीसारखा झाला. “तुला ठाऊक होतं? मी चाकू घेणार आहे, हे?”

“तुम्ही आणि मामा कुजबुजायला लागलात की गल्ली थांबून ऐकते, बाबा.”

“मग तेव्हाच सांगायचंस ना.”

“सांगणार होते.” बारकीनं चाकू तळव्यावर ठेवला. “पण भरती झाल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच माझ्या जाण्यासाठी काहीतरी करत होता. थांबवलं असतं तर पुन्हा ‘इस्त्री तापली का’ सुरू झालं असतं. म्हटलं, चालू देत.”

आईनं पुढे होऊन मास्तरांच्या केसांतलं एक पीस काढलं, मग दुसरं काढलं, आणि तिथंच उभी राहिली.

“मी मुद्दाम बोललो नाही,” मास्तर म्हणाले. “तोंड उघडलं असतं तर त्यातून एकच गोष्ट बाहेर पडली असती.”

“अभिमान वाटतो, हीच ना?” मामा खिडकीतून वळून म्हणाले. “सांगा की मग!”

“दादा,” आई म्हणाली, आणि मामा पुन्हा खिडकीकडे वळले.

“काय बाबा? बोला ना.”

“आधी कबूल कर,” मास्तर म्हणाले, “की ऐकून तू थांबणार नाहीस. थांबलीस तर घरात घेणार नाही तुला, सांगून ठेवतो. उद्या ट्रंक मी उचलणार, गाडीत मी बसवणार. ते सगळं पक्कं आहे.”

“कबूल.”

“रडायचं नाही.”

“नाही रडणार.”

“माझं ऐकायचं नाही.”

“नाही ऐकणार, बाबा. पण बोला आता.”

मास्तरांनी हातांना धरायला काहीतरी शोधलं. काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी लेकीच्या बाहीची न सुटलेली शिवण चिमटीत धरली.

“नको ना जाऊस, बारके,” ते म्हणाले.